निकमबेननी मागितलेली जागा

निकमबेनबरोबर काम केलेल्या कुणालाही त्यांच्याबद्दल विचारा. तो आधी हसेल, मग कपाळाला हात लावेल आणि मग तासभर तक्रारी सांगेल. मीही तेच करणार आहे. माझ्या तक्रारी इतरांपेक्षा जास्त आहेत, कारण आठ-नऊ वर्षं माझं टेबल त्यांच्या टेबलाला लागून होतं.

आमचं ऑफिस सुरतेत, उधना दरवाज्याजवळ, एका साडीच्या दुकानाच्या वर. काम शहर नियोजनाचं. सरकारी कचेरीला एखाद्या भागाचा विकास आराखडा करून हवा असला की ती आमच्यासारख्या खाजगी ऑफिसला काम देते. मी अकोल्याहून येऊन तिथं नकाशे करायला लागलो होतो. निकमबेन लोकसंख्येचा अंदाज काढायच्या. म्हणजे आज इथं किती माणसं राहतात आणि वीस वर्षांनी किती राहतील. पुढचं सगळं त्यावर ठरतं. पाण्याची टाकी केवढी, गटाराचा पाइप केवढा, रस्ता किती रुंद, शाळेसाठी जागा किती राखून ठेवायची. अंदाज कमी पडला तर माणसं टँकरच्या रांगेत उभी राहतात. जास्त झाला तर ओसाड रस्त्यावर दिवे जळत राहतात.

त्यांचं नाव मालती. आईवडील अमळनेरकडचे. वडील पॉवरलूमवर कामाला म्हणून सुरतेतल्या लिंबायतला आले आणि निकमबेन तिथंच वाढल्या. खानदेशी असल्या तरी ऑफिसात सगळे सुरती रिवाजाप्रमाणे ‘बेन’च म्हणायचे. मराठी माझ्याशी, गुजराती मालकांशी, हिंदी बाकी जगाशी. दुपारी आईचा फोन आला की मात्र अहिराणी, आणि आवाज एकदम खाली यायचा. ‘जेवण व्हयनं माय, तू काय करी ऱ्हायनी?’ एवढं एक वाक्य त्या रोज इतक्या मऊपणे बोलायच्या, की याच बाईनं पाच मिनिटांपूर्वी आपल्याला सोलून काढलं होतं यावर विश्वास बसायचा नाही.

सोलायला त्यांना एकच शब्द पुरायचा. ‘कशावरून?’

तुम्ही म्हणा, या भागात वस्ती वाढतेय. कशावरून? इथली माणसं तिकडं सरकतायत. कशावरून? हे कामापुरतं असतं तरी सोसलं असतं. एकदा मी सहज म्हणालो की आज चहा बरा झालाय. त्यांनी चष्म्यावरून बघितलं आणि तोच प्रश्न विचारला. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं, साखर जास्त पडली म्हणून की पावडर बदलली म्हणून. नंतर नंतर आम्ही त्यांच्यासमोर हवेबद्दलही बोलेनासे झालो.

कॉटनची साडी आणि खाली पांढरे बूट, पळायचे असतात तसे. डब्यात ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी आणि ठेचा. आपला डबा उघडला की न विचारता त्यांची अर्धी भाकरी आपल्या ताटात पडायची. घास तोंडात असताना माणसाला उलट उत्तर देता येत नाही, हे त्यांना पक्कं माहीत होतं. माझ्या नकाशांतल्या सगळ्या चुका मला त्या काळात ठेच्याबरोबर कळल्या.

आमचे मालक केतनभाई. गोड माणूस. त्यांच्या मते जगातला कुठलाही प्रश्न ‘थई जशे’, होऊन जाईल, म्हटल्यावर निम्मा सुटतो. त्यांचं आणि निकमबेनचं कधी जमलं नाही, आणि दोघांना एकमेकांशिवाय करमलंही नाही. केतनभाईंना कचेरीत नेऊन ठेवायला एक आकडा हवा असायचा. निकमबेन तीन द्यायच्या. असं झालं तर इतकी माणसं, तसं झालं तर तितकी, आणि काहीच धड झालं नाही तर एवढी. केतनभाई हात जोडायचे. ‘बेन, एक आंकडो आपो ने.’ मग त्या शांतपणे सांगायच्या की भविष्य एकच असतं हे त्यांना मान्य आहे, पण ते आल्यावर.

आणि शनिवार. शनिवारी दुपारी, सगळ्यांना घरचे वेध लागलेले असताना, निकमबेन कपाटातून जुना आराखडा काढायच्या. आपल्याच ऑफिसनं केलेला. तेव्हा काय म्हटलं होतं आणि प्रत्यक्षात काय झालं, हे ज्यानं चूक केली त्याच्यासमोर मोठ्यानं वाचायच्या. चिडून किंवा टोमणे मारून नाही, बातम्या वाचाव्यात तसं. एका मुलानं त्यापायी नोकरी सोडली. केतनभाईंनी त्यांना समजावलं, की बेन, झालं ते झालं, उकरून काय मिळणार. त्या म्हणाल्या, डॉक्टर चुकला तर एक माणूस जातो, आपण चुकलो तर एक गल्ली वीस वर्षं चिखलात राहते, आणि ती गल्ली आपलं नावसुद्धा कधी विचारायला येत नाही.

बमरोलीचं काम आलं तेव्हा हे सगळं विकोपाला गेलं.

बमरोली म्हणजे पांडेसऱ्याला लागून असलेला मिलचा भाग. रंगाई-छपाईच्या मिली, लूमची खाती म्हणजे छोटे कारखाने, आणि मध्ये मध्ये कामगारांच्या खोल्या. कुणी खानदेशातून आलेला, कुणी परभणी-नांदेडकडून, कुणी आमच्या वऱ्हाडातून, कुणी आणखी लांबून. नेहमीची रीत अशी की घरं मोजायची आणि एका घरात सरासरी पाच माणसं धरायची. निकमबेन म्हणाल्या, इथं ही रीत चालणार नाही, कारण इथं एका खाटेवर दोन माणसं झोपतात. दिवसपाळीचा उठला की रातपाळीचा त्याच अंथरुणावर पडतो. आता हे लिहून टाकलं असतं आणि अंदाजानं थोडी वाढ धरली असती तर काम संपलं असतं. पण त्यांनी स्वतःलाच ‘कशावरून’ विचारलं, आणि मला घेऊन बमरोलीत निघाल्या.

तिथं रुक्मिणबाई म्हणून हिंगोलीकडची एक बाई खानावळ चालवायची. खोल्यांत खरी किती माणसं आहेत ते खानावळीतच कळेल, असं निकमबेनचं म्हणणं. रुक्मिणबाईनं आमच्या हातातले नकाशे बघितले आणि आम्ही खोल्या पाडायला आलोय असं तिनं ठरवून टाकलं. किती जण जेवतात, असं विचारल्यावर ती म्हणाली, कोणीच नाही. मागं तीन मोठाली पातेली उकळत होती. निकमबेननी पातेल्यांकडे बोट दाखवलं. रुक्मिणबाई म्हणाली, घरचं हाय.

कुणीही शहाणा माणूस परत फिरला असता. निकमबेन दुसऱ्या दिवशी जेवायला गेल्या. तिसऱ्या दिवशीही. मला बरोबर नेऊन. एप्रिल महिना, वर पत्रा, आणि ताटात असा रस्सा की कानातून धूर निघावा. आठवडाभरात माझ्या पोटानं हात टेकले. शेवटी रुक्मिणबाईच वैतागली आणि म्हणाली, ‘बाई, रोज रोज येऊन डोकं खाऊ नका, काय विचारायचं ते विचारा अन् जा.’ त्या दिवशी निकमबेनना हवं ते सगळं मिळालं. आणि एक न मागितलेली गोष्टही मिळाली. रुक्मिणबाईची पोरगी सातवी झाली होती आणि घरी भाकऱ्या थापत होती. पुढची शाळा रेल्वेच्या पलीकडे. जायचं तर हायवेसारख्या रस्त्यावरून, मिलच्या ट्रकांमधून. बाई म्हणाली, पोराला पाठवते एक वेळ, पोरीला कशी पाठवू?

परतताना रिक्षात निकमबेन गप्प होत्या. त्या गप्प बसल्या की मला आनंदच व्हायचा, म्हणून मीही काही विचारलं नाही. उधन्याच्या पुलावर त्या आपणहून बोलल्या. त्यांची थोरली बहीण सुमन, वर्गात कायम पहिली यायची. लिंबायतला तेव्हा वरचे वर्ग नव्हते. रूळ ओलांडून जावं लागायचं. वडिलांनी सातवीनंतर तिला घरी बसवलं आणि सोळाव्या वर्षी लग्न लावून दिलं. निकमबेन तीन वर्षांनी सातवी झाल्या तेव्हा जवळ एक शाळा निघाली होती. ‘तेवढाच फरक आहे, वानखडे,’ त्या म्हणाल्या. ‘मी हुशार होते म्हणून नाही शिकले. ती माझ्यापेक्षा हुशार होती.’ आणि लगेच रिक्षावाल्याला म्हणाल्या की तुझं मीटर पळतंय.

अहवालात त्यांनी बमरोलीचा आकडा बराच वर नेला आणि एक मोकळा भूखंड माध्यमिक शाळेसाठी राखून ठेवायची शिफारस केली. मराठी माध्यमाची, कारण तिथली निम्मी पोरं मराठी घरांतली. केतनभाईंचा चेहरा पडला. कचेरीला शहर कामरेजच्या बाजूला वाढायला हवं होतं. तिकडं हायवे, तिकडं शेतं, तिकडं मोठे प्रकल्प. माणसं तिकडं जाणार असं कागदावर दिसलं की रस्ते तिकडं जाणार होते. बमरोलीचा आकडा खाली आला तर तो भूखंडही सुटणार होता, आणि त्यावर गोडाऊन बांधायला लोक टपलेले होते.

पुढचे दोन महिने आम्ही सगळ्यांनी नरकात काढले. केतनभाई समजावायचे, निकमबेन ऐकून घ्यायच्या आणि आकडा तिथंच ठेवायच्या. मुदत टळली. कचेरीतून फोन यायचे ते मी घ्यायचो, कारण केतनभाई फोन वाजला की खाली पान खायला जायचे. माझे नकाशे तयार होऊन पडले होते आणि निकमबेनच्या एका सहीसाठी अडले होते. मी त्यांना हात जोडून सांगितलं, की बेन, मधला आकडा द्या आणि मोकळ्या व्हा. त्या म्हणाल्या, मधला आकडा खरा असता तर पहिल्याच दिवशी दिला असता.

कचेरीतल्या बैठकीत मोठे साहेब सरळच म्हणाले, की बेन, तुम्ही म्हणता एवढी माणसं आहेत, तर ती दिसत का नाहीत? निकमबेन उठल्या. आम्हाला वाटलं, आता कागद काढणार. त्या म्हणाल्या, ‘साहेब, निम्मी झोपलेली असतात आणि निम्मी मशीनवर असतात. तुम्ही येता तेव्हा रस्त्यावर कोण दिसणार?’ साहेबांना काय वाटलं कोण जाणे, ते त्याच आठवड्यात संध्याकाळी पाळी बदलायच्या वेळेला बमरोलीत जाऊन आले. भूखंड शाळेसाठी राहिला. कामरेजचा आकडाही साहेबांना हवा तसा राहिला, पण तो निकमबेनच्या सहीनं नाही. तिथं केतनभाईंनी सही केली आणि महिनाभर निकमबेननी त्यांना भाकरी दिली नाही.

शाळा बांधून व्हायला काही वर्षं गेली. उद्‌घाटनाला निकमबेनना कुणी बोलावलं नाही, पण तिथल्या मराठी मंडळानं त्यांचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार केला. शाल त्यांनी खुर्चीच्या पाठीला टाकली आणि एसी लावला की तीच पांघरायच्या.

जूनमध्ये त्या शाळा बघायला गेल्या. मला जावंच लागलं. नवी कोरी इमारत, मैदान, मुलींसाठी वेगळी स्वच्छतागृहं. आठवीच्या वर्गात सात-आठ पोरं, नववीत त्याहून कमी. मास्तर खिडकीतून बाहेर बघत होते. आणि बाहेर, फाटकासमोरून, युनिफॉर्ममधल्या पोरांचे जथे चालले होते. बमरोलीतलीच पोरं. निकमबेननी मोजली होती तेवढी सगळी आली होती, कदाचित थोडी जास्तच. फक्त ती या शाळेत येत नव्हती.

निकमबेननी रस्त्यातच एका बाईला थांबवलं. बाई धुळ्याकडची, बरोबर मुलगी. हिला या शाळेत का घातलं नाही, असं विचारल्यावर बाई ओशाळली. ‘ताई, ही पहिलीपासून हिंदीत शिकली. घरी आम्ही बोलतो ते हिला समजतं, पण वाचता येत नाही. इथं घालून बिचारीनं काय करायचं?’ मुलगी आईला म्हणाली, ‘मम्मी, चलो ना, लेट हो रहा है.’

ती माणसं गेली. निकमबेन फाटकाजवळच्या कट्ट्यावर बसल्या. मी पाणी आणलं. घोटभर पिऊन त्या म्हणाल्या, ‘माझा मुलगा माझ्या आईशी हिंदीत बोलतो, वानखडे. रोज. माझ्यासमोर. जगाला कशावरून, कशावरून विचारत फिरले आणि घरातलं धरलं नाही.’

इतकी वर्षं त्या चुकाव्यात म्हणून मी देव पाण्यात घालून बसलो होतो, आणि आता त्या चुकल्यावर मला जराही बरं वाटेना. हाही त्यांचाच जाच.

त्या शनिवारी त्यांनी बमरोलीचा आराखडा काढला आणि नेहमीच्या आवाजात वाचला. माणसांचा अंदाज बरोबर. भाषेचा अंदाज चुकला. कुणी चुकवला, मालती निकम यांनी. केतनभाईसुद्धा मान खाली घालून बसले होते.

मला वाटलं, आता तरी त्या थोड्या नरमतील. उलटंच झालं. त्या शाळेत हिंदी आणि गुजराती माध्यमाचे वर्ग सुरू करा आणि मराठी एक विषय म्हणून ठेवा, यासाठी त्यांनी कचेऱ्यांचे उंबरठे झिजवायला सुरुवात केली. ऑफिसच्या वेळेत. त्यांची कामं माझ्या टेबलावर येऊन पडायची. ज्या साहेबांशी भांडून शाळा मिळवली, त्यांनाच जाऊन सांगायचं की मी मागितली ती चुकीची मागितली. साहेब हसले म्हणे. निकमबेन म्हणाल्या, हसा, पण कागद पुढं सरकवा.

मग ते मराठी मंडळ ऑफिसात आलं. चार-पाच पोक्त माणसं, घामाघूम, दुखावलेली. त्यांचंही चुकत नव्हतं. गाव सुटलेलं, शेत सुटलेलं, आता एवढी एक पाटी होती मराठीत, तीही जाणार. त्यांच्यातले एक वयस्कर गृहस्थ म्हणाले की मराठी शाळा मराठी बाईनंच घालवली असं आता लोक म्हणतील.

निकमबेन म्हणाल्या, ‘काका, मला पण वाईट वाटतं. पण मी ती शाळा मराठीसाठी मागितली नव्हती. पोरींसाठी मागितली होती. पोरी ज्या भाषेत येतील त्या भाषेत येऊ देत.’

काका उठले. खुर्चीवरच्या शालीकडे त्यांनी एकदा बघितलं आणि जिना उतरून गेले. निकमबेननी शाल घडी करून ड्रॉवरमध्ये ठेवली. त्यानंतर एसीत कुडकुडत बसायच्या, पण ती पांघरताना मी त्यांना बघितलं नाही.

हिंदीचे वर्ग पुढच्या जूनमध्ये सुरू झाले, गुजरातीचे त्याच्या पुढच्या. इमारत भरली. मराठीचा एक वर्ग कोपऱ्यात अजून चालतो, असं कळतं. रुक्मिणबाईच्या पोरीला या सगळ्याचा काही उपयोग झाला नाही. शाळा उघडायच्या आधीच तिचं लग्न होऊन गेलं होतं. हे निकमबेननीच जाऊन शोधून काढलं आणि मला येऊन सांगितलं. न सांगता राहवत नसे त्यांना.

नंतर त्यांनी नोकरी सोडली. केतनभाईंनी निरोपाच्या दिवशी सुटकेचा मोठा निःश्वास टाकला आणि दुसऱ्या आठवड्यात मला विचारलं की बेन घरी काय करतात, थोडं काम घरून करतील का. त्यांची खुर्ची अजून कुणाला मानवलेली नाही.

गेल्या हिवाळ्यात त्या मला परत दिसल्या. कामरेजच्या बाजूच्या नव्या आराखड्यावर लोकांच्या हरकती ऐकायची सुनावणी होती. मी मंचावर, प्रोजेक्टरपाशी. हॉल अर्धा भरलेला. नाव पुकारलं गेलं आणि मागच्या रांगेतून पांढरे बूट घातलेली बाई उठली. त्यांनी तिकडं कुठं घर घेतलं नव्हतं, जमीन नव्हती, काही नव्हतं. त्या नुसत्याच आल्या होत्या. त्यांचं म्हणणं असं, की त्या बाजूच्या उंच इमारतींतले फ्लॅट विकले गेलेत, पण त्यांत राहायला कुणी आलेलं नाही. संध्याकाळी खिडक्यांत दिवे दिसत नाहीत. आणि आम्ही ते सगळे फ्लॅट भरलेले धरून पाण्याची मोठी लाइन तिकडं नेतोय, आणि लिंबायतच्या टोकाला बायका अजून पहाटे उठून नळाखाली हंडे लावतात. साहेब म्हणाले, लेखी दिलंय ना, नोंद होईल. निकमबेन म्हणाल्या की नोंद होईल, हे त्यांना ठाऊक आहे. आणि खाली बसल्या.

नोंद झाली. लाइन कामरेजकडेच गेली.

सुनावणी संपल्यावर मी त्यांना गाठायला खाली धावलो. बोलायचं काय, ते ठरवलं नव्हतं. त्या बाहेर शेअर रिक्षात बसल्याही होत्या. मागच्या सीटवर तिघी दाटीवाटीनं. रिक्षावाला चौथी सवारी घेऊ बघत होता आणि निकमबेन त्याला हिंदीत ठणकावत होत्या, की कायदा तिघांचा आहे, चौथं माणूस घेतलंस तर मी उतरते. तेवढ्यात कडेवर पोर आणि हातात पिशवी घेऊन एक बाई रिक्षापाशी येऊन उभी राहिली. निकमबेननी तिच्याकडे बघितलं, रिक्षावाल्याला आणखी दोन शब्द सुनावले, आणि स्वतःची बॅग मांडीवर घेत बाकीच्या दोघींना म्हणाल्या, ‘जरा सरका.’

रिक्षा सुरू झाली. बाईचं पोर आता निकमबेनच्या मांडीवर होतं आणि त्या अजूनही रिक्षावाल्याला रागावत होत्या.